एकविसाचा डाव आणि पिसणीचा मान

डिचोली तालुक्यातले सुर्ला म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे लोखंडाच्या खाणी, तांबडी धूळ आणि खनिजाच्या ट्रकांची रांग यांखेरीज फारसे काही उभे राहत नाही, आणि त्यात त्याचा दोष आहे असेही नाही. परंतु ज्या घरी माझे बालपण गेले त्या घरी चवथीच्या रात्री, आरत्या आटोपून बायकामंडळी फुगड्यांना उभी राहिली म्हणजे, माटोळीपासून थोडे अंतर राखून सोप्यावर एक सतरंजी पसरली जाई, आणि तिच्यावर पहाटेपर्यंत जो डाव चाले त्याला आम्ही साधेपणाने 'एकवीस' म्हणत असू. त्याच डावाला जगभर ब्लॅकजॅक म्हणतात, त्याच्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत आणि आमच्याच मांडवी नदीत नांगरलेल्या जहाजांवर तो बनातीच्या टेबलांवर मांडला जातो, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. नवशिक्याने हा खेळ कसा शिकावा असे कोणी विचारले, तर मी नियमांच्या आधी त्याला पिसणीची हकीकत सांगेन. पत्ते पिसून वाटण्याचा मान कोणाकडे आहे आणि तो किती वेळ त्याच्याकडे राहणार आहे, हे ज्याने विचारले नाही त्याला बाकीचे सारे नियम पाठ असूनही हा खेळ आला असे मी म्हणणार नाही.

आम्हांला तो शिकवला थोरल्या काकांनी. ते काही वर्षे बोटीवर तारवटी होते, आणि तिथल्या बारदेशी सोबत्यांकडून त्यांनी हा डाव त्याच्या पोर्तुगीज नावासकट उचलून आणला होता. त्या नावाचा 'व्हिंत-ई-उं' असा ते करीत तो उच्चार ऐकून आजी त्यांना वेडावीत असे. शिकवणी अगदी थोडक्यात उरकली. राजा, राणी, गुलाम यांचे दहा. एक्क्याचा एक किंवा अकरा, ज्याला जसा सोयीचा पडेल तसा. दुर्रीपासून दश्शीपर्यंत जेवढे ठिपके तेवढे मोल. प्रत्येकाला दोन पत्ते, मग हवा असेल तर तिसरा, चौथा. "बाबू, एकवीस जाय, बावीस जाले की बुडलो," एवढे बोलून त्यांनी पत्ते वाटायला घेतले. पत्ता हवा असेल तर 'दी' म्हणायचे, नको असेल तर 'पुरो'. पैशाला हात लावायचा नाही, असा आजीचा सक्त हुकूम असल्यामुळे पणाला चिंचोके लावले जात, आणि ते भाजके असल्यामुळे हरणाऱ्याची पुंजी जशी जिंकणाऱ्याकडे जाई तशीच थोडी हरणाऱ्याच्या पोटातही जाई.

तो पत्त्यांचा जोडही सांगण्यासारखा होता. किलवरचा गुलाम केव्हातरी हरवला होता, आणि त्याच्या जागी कोणाच्या तरी लग्नपत्रिकेचा जाड कागद पत्त्याच्या मापाने कापून त्यावर शाईने 'गु' असे काढलेले होते. उपड्या ठेवलेल्या गड्डीतही तो पत्ता ओळखू येई, म्हणून वाटणाऱ्याने गड्डीवर पंजा ठेवूनच वाटायचे असा आमच्या घरचा कायदा झाला होता. पुढे ब्लॅकजॅकच्या नावाची कथा वाचली तेव्हा हा हरवलेला काळा गुलाम आठवून मला हसू आले; ती कथा यथावकाश येईलच.

महत्त्वाचा नियम काकांनी सर्वांत शेवटी सांगितला. ज्याला पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहाच्या मोलाचे चित्र किंवा दश्शी मिळेल, त्याच्याकडे पुढची पिसणी जाईल. पिसणी ज्याच्याकडे, त्याच्याशी बाकीचे सर्वजण एकेकटे खेळणार. तो सर्वांच्या शेवटी आपले पत्ते उघडणार. आणि तोवर जे बावीस करून बुडाले त्यांचे चिंचोके त्याने आधीच ओढून घेतलेले असणार. मी दहा वर्षांचा असताना इस्पिकचा एक्का आणि चौकटची राणी अशी जोडी हाती येऊन पहिल्यांदा पिसणी माझ्याकडे आली, तेव्हा डिचोलीच्या मामलेदाराची खुर्ची मिळाल्याचा आनंद मला झाला होता. अर्ध्या तासात समोर चिंचोक्यांचा ढीग साचला. मी चांगला खेळत होतो म्हणून तो साचला अशी माझी समजूत होती; मी शेवटी खेळत होतो म्हणून साचला, हे समजण्याचे वय ते नव्हते. मग आत्याला एक्का आणि राजा आला, आणि पिसणी ढिगासकट नव्हे, पण ढीग जमवण्याच्या अधिकारासकट, तिच्याकडे गेली.

आमच्या मुलखाला पत्ते काही पोर्तुगिजांनीच दाखवले असे नाही. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल पोर्तुगिजांच्या नव्या काबिजादींत गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पेडणे तर १७८८ साली. त्यापूर्वी त्यांच्यावर सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता, आणि सावंतवाडी हे गंजिफाचे माहेर. गंजिफा हा शब्द आणि खेळ दोन्ही इराणाकडून आलेले. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनाकडे गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अकबराच्या दरबारातील पत्त्यांचे सविस्तर वर्णन अबुल फजलाने केले आहे. मोगली गंजिफात आठ रंग आणि शहाण्णव पत्ते असत. त्या रंगांपैकी एकाचे नाव 'बरात', म्हणजे खजिन्यावर दिलेली रक्कम चुकती करण्याची चिठ्ठी, जिला मराठी दफ्तरात आपण 'वरात' म्हणून ओळखतो. आणि दुसऱ्या एकाचे नाव 'गुलाम'. एखाद्या राज्याचा सारा कारभार, त्यातला ताज, समशेर, नाणे, हुंडी आणि चाकर, पत्त्यांच्या एका पेटीत भरून खेळायला दिला, असा तो थाट होता.

दक्षिणेत येऊन या खेळाने मुंज करून घेतली. सावंतवाडीच्या चितारी लोकांनी रंगवलेल्या दशावतारी गंजिफात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा साधे पत्ते, मिळून एकशेवीस वाटोळे पत्ते असतात. दिवसा डाव मांडला तर रामाच्या पत्त्याने उतारी करायची आणि रात्री मांडला तर कृष्णाच्या, असा संकेत आहे. निम्म्या रंगांत आकड्यांची प्रतिष्ठा उलटी, म्हणजे एक्का मोठा आणि दहा हलका, असल्यामुळे हा खेळ स्मरणशक्तीची कठोर परीक्षा घेतो, आणि त्यात द्रव्य लावण्यापेक्षा बुद्धी लावण्याला अधिक वाव असतो. या पत्त्यांना कडकपणा येतो तो चिंचोक्याच्या खळीने. आमच्या सोप्यावर पणाला लागणारा चिंचोका सरहद्दीपलीकडच्या सावंतवाडीत पत्ता घडवण्याच्या कामी येतो, हे पुढे कळल्यावर आजीच्या हुकमाला एक निराळेच औचित्य आहेसे मला वाटू लागले. ही कला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळजवळ निकालात निघाली असता राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून तिला जगवले. आज त्या राजवाड्यात गेलात तर कुंचल्याच्या दोन केसांनी परशुरामाचा परशू रेखाटणारा माणूस पाहायला मिळतो.

पोर्तुगीज जहाजांतून आले ते दुसरे पत्ते, युरोपी घडणीचे, लांबट, चार रंगांचे. हीच जहाजे सोळाव्या शतकात पुढे जपानपर्यंत गेली आणि तिथल्या भाषेत पत्त्यांना 'कारुता' हे नाव देऊन आली. त्याचे मूळ पोर्तुगीज 'कार्ता' या शब्दात आहे. जुन्या गोव्यात या पत्त्यांवर किती द्रव्य उधळले जाई, याची साक्ष फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल याने दिली आहे. तो १६०८ ते १६१० या काळात गोव्यात होता. त्याने वर्णिलेली जुगारघरे चांगली सजवलेली असत, तिथे खेळणाऱ्यांच्या खाण्याराहण्याची व्यवस्था असे, आणि त्यांचे मालक राजाला कर भरून उजळ माथ्याने धंदा करीत. पिरार हे पाहत होता तेव्हा मांडवीच्या वरच्या अंगाचे आमचे सुर्ला पोर्तुगिजांकडे नव्हतेच. ते आदिलशाहीत होते, आणि सुर्ला-तार येथील जुनी मशीद त्या अंमलाची खूण म्हणून अद्याप उभी आहे. 'तार' म्हणजे होडीने नदी ओलांडण्याची जागा. एका नदीच्या एका टोकाला सरकारमान्य जुगारघरे आणि दुसऱ्या टोकाला तार, अशी ती मांडणी होती, आणि काही तपशील बदलून ती आजही तशीच आहे.

जुगारावर कर घेणे ही फिरंग्यांची कल्पना, असे मात्र कोणी समजू नये. कौटिल्याने अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी नेमला असून, खेळ एकाच जागी व्हावा, फासे सरकारी असावेत आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच वसूल करावेत, असे नियम घालून दिले आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीही मोठ्या पणावर शेकडा पाचाचाच दर सांगते. ऋग्वेदातले अक्षसूक्त जुगाऱ्याचा विलाप ऐकवते, बलिप्रतिपदेला धर्मशास्त्र द्यूतप्रतिपदा म्हणते आणि अर्थशास्त्र त्याच खेळातून महसूल काढते. आपल्या पूर्वजांना या विषयात एकच एक मत असणे आवश्यक वाटलेले दिसत नाही, आणि ते मला प्रामाणिकपणाचे वाटते.

आता प्रत्यक्ष एकविसाकडे वळू. या डावाचा सर्वांत जुना लिखित उल्लेख सर्व्हांतेसच्या एका गोष्टीत सापडतो. 'रिंकोनेते आणि कोर्तादियो' ही ती गोष्ट १६१३ साली छापली गेली, आणि तीत दोन पोरसवदा भामट्यांपैकी एकजण 'व्हेंतिउना' नावाच्या डावात तरबेज आहे. त्या डावात एक्क्याचे मोल एक किंवा अकरा होते, म्हणजे काकांचा नियम तेव्हाच ठरून गेलेला होता. स्पेनमधून फ्रान्समध्ये गेल्यावर त्याचे 'व्हँते-अँ' झाले, दरबारात आणि दिवाणखान्यात त्याची चलती झाली, आणि १८१५ मध्ये सेंट हेलेना बेटाकडे नेल्या जाणाऱ्या नेपोलियननेही जहाजावर हाच डाव मांडला. दिवाणखान्यातल्या या खेळाचा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे: ज्याला पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस येईल त्याने पिसणी घ्यावी. सुर्ल्याच्या सोप्यावरचा कायदा आणि पॅरिसच्या दिवाणखान्यातला कायदा एकच होता, आणि तो आमच्यापर्यंत बोटीवरच्या एका तारवट्याच्या तोंडून आला होता.

हा कायदा मोडला तो धंदेवाईक जुगारघरांनी. घर चालवणाऱ्याला पिसणी दुसऱ्याच्या हाती देणे परवडणारे नव्हते. तिने आपल्या घरची वतनदारी सोडली की नफाही सुटणार, हे त्याला कोणत्याही पंतोजीने शिकवावे लागले नाही. नेव्हाडा संस्थानाने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केल्यावर अमेरिकेत हा डाव ज्या स्वरूपात रुळला, त्यात पिसणी कायमची घराकडे राहिली, खेळणाऱ्याला तिची आशाच उरली नाही, आणि त्या बदल्यात त्याला दोन-तीन सवलती देण्यात आल्या: घराचा एक पत्ता उघडा दिसतो; घराला सोळापर्यंत पत्ता घ्यावाच लागतो आणि सतरावर थांबावेच लागते; आणि पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस आले तर पणाच्या दीडपट रक्कम मिळते. 'ब्लॅकजॅक' हे नाव कसे पडले याची प्रचलित कथा अशी सांगतात की, इस्पिकचा एक्का आणि काळा गुलाम एकत्र आले तर घर एकास दहा देत असे, म्हणून डावालाच काळ्या गुलामाचे नाव मिळाले. कथा गोड आहे. परंतु तिएरी देपोली या फ्रेंच संशोधकाने दुसरीकडे बोट दाखवले आहे: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्लोंडाइकच्या सोन्यामागे धावलेले खाणकामगार हा डाव खेळत, आणि खाणकामगारांच्या बोलीत 'ब्लॅकजॅक' म्हणजे सोन्यारुप्याच्या शिरांजवळ सापडणारे जस्ताचे काळसर खनिज. मला स्वतःला हे दुसरे मत पटते, आणि त्यात सुर्लेकर म्हणून माझा थोडा पक्षपात आहे हे मी नाकारत नाही. ज्या गावाने तांबड्या खनिजावर संसार केले, त्याला एका खेळाचे नाव काळ्या खनिजावरून पडावे हे आपलेसे वाटणारच.

आमच्याकडे कायद्याने हा डाव तीन टप्प्यांत आला. १९७६ च्या गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार कायद्याने जुगाराचे अड्डे चालवणे गुन्हा ठरवले; १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत नाणी टाकून चालणाऱ्या यंत्रांना मुभा दिली; आणि १९९६ च्या दुरुस्तीने पत्त्यांची टेबले मांडायला परवानगी दिली, ती मात्र पाण्यावरच्या जहाजांत. जमिनीवर यंत्र आणि पाण्यावर माणूस, असा हा चमत्कारिक न्याय आहे. शतक बदलण्याच्या सुमारास पहिले तरंगते जुगारघर मांडवीत आले, आणि पुढे त्यांची संख्या वाढली. परवान्याचे वार्षिक शुल्क कोटींच्या घरात गेले, आणि पिराराने पाहिलेला कर चारशे वर्षांनी त्याच नदीवर पुन्हा वसूल होऊ लागला. हीच नदी डिचोलीचे खनिज बार्जांतून मार्मागोव्याला नेत असे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्यंतरी थोड्या चालू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. बार्ज धक्क्याला लागले आणि पणजीपुढची जहाजे रोषणाईने उजळलेलीच राहिली. तेव्हा आमच्या तालुक्यातल्या कित्येक मुलांनी वडिलांच्या ट्रकाकडे पाठ फिरवून त्या जहाजांची वाट धरली. १ फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांना या जुगारघरांत प्रवेशबंदी आहे. नोकरीसाठी जाणाऱ्यांना ती लागू नाही. याचा अर्थ असा की सुर्ल्याच्या माणसाला मांडवीवर ब्लॅकजॅक शिकायचा असेल, तर तो पत्ते वाटण्यासाठीच शिकता येतो. (बाहेरून येणाऱ्यालाही वयाची एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात, हा आकडा कोणी विनोदबुद्धीने निवडला असेल असे वाटत नाही, पण शोभतो.)

आमच्या शेजारचा एक मुलगा असा शिकायला गेला. त्याचे वडील खनिजाचा ट्रक चालवीत. संध्याकाळी तो त्यांच्याच सोप्यावर जुनी चादर पसरून सराव करीत बसे, आणि मी मुद्दाम जाऊन पाहत असे. वीस चिप्सची उतरंड एका हाताने उचलायची आणि बोटांच्या अंदाजाने पाच-पाचांच्या चार सारख्या गठ्ठ्यांत पाडायची. पत्ता पेटीतून ओढून समोर सरकवताना मनगट उचलायचे नाही. टेबल सोडण्यापूर्वी दोन्ही तळवे वर-खाली करून कॅमेऱ्याला दाखवायचे, म्हणजे बोटांत काही लपवलेले नाही याची खात्री होते. तळवे दाखवण्याची त्याला इतकी सवय जडली की आईने वाढलेले ताट बाजूला सारल्यावरही त्याचे हात आपोआप उघडत. त्याची खरी अडचण वेगळी होती. पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस आले की दीडपट द्यायचे, आणि सातशेचे दीडपट किती, साडेतीनशेचे किती, हे क्षणात तोंडावर यायला हवे. त्याच्या वडिलांनी आतून आवाज दिला, "सात दिडके साडेदहा!" जुन्या मराठी शाळेतली पावकी, निमकी, दिडकी त्यांना अजून तोंडपाठ होती. पुढचा आठवडाभर त्या सोप्यावर बापलेक दिडकी म्हणत होते, आणि ज्या पाढ्याला नव्या शाळांनी रजा दिली त्याला एका परदेशी खेळाने पुन्हा कामावर घेतले. अलीकडे पुष्कळ टेबलांवर हा दर पाचास सहा असा खाली आणला आहे; हजाराच्या पणावर पंधराशेऐवजी बाराशे. ते सवायकीतही बसत नाही. ज्या दराला मराठी पाढा नाही त्या टेबलावर बसू नये, एवढा व्यावहारिक सल्ला मी नवशिक्याला निःशंक देईन.

त्या मुलाने मला एक गोष्ट सांगितली, जी कोणत्याही पुस्तकापेक्षा नेमकी होती. "काका, डीलराक विचार करपाक ना." सोळा आले तर घ्यायचा, सतरा आले तर थांबायचे, मनाने काही ठरवायचे नाही. समोरचा माणूस विचार करकरून घामाघूम होतो, आणि घर विचार न करता जिंकते. हे कसे घडते? दोघांनीही सोळावर घेणे आणि सतरावर थांबणे हा एकच नियम पाळला, तर प्रत्येकजण शंभरात सुमारे अठ्ठावीस वेळा बुडतो. आणि शंभरात सुमारे आठ वेळा दोघेही बुडण्याची पाळी येते. त्या आठ वेळा खेळणारा आधी बुडालेला असतो, त्याचे पैसे आधी उचललेले असतात, आणि मागाहून घर बुडाले तरी ते परत मिळत नाहीत. शेवटी खेळण्याचा हा हक्क हेच घराचे सारे भांडवल. दीडपटीच्या सवलतीने त्यातला काही भाग परत येतो, तरी घराची नक्कल करणारा नवशिका शेकडा साडेपाचाच्या आसपास हरत राहतो. म्हणजे अजाणतेपणी तो कौटिल्याचाच दर भरतो आणि वर थोडी दस्तुरी ठेवतो.

यातून बाहेर येण्याची वाट अमेरिकेतल्या अ‍ॅबर्डीन येथील लष्करी तळावरच्या चार गणिती तरुणांनी शोधली. बाल्डविन, कँटी, मेझेल आणि मॅकडरमॉट ही त्यांची नावे. त्यांनी टेबलावरच्या साध्या गणनयंत्रांवर सारे आकडे काढून १९५६ मध्ये आपला निबंध एका संख्याशास्त्रीय नियतकालिकात छापला. त्याचे सार नवशिक्याला पुरेसे आहे. घराचा उघडा पत्ता पाहूनच निर्णय करावा. छक्की उघडी असेल तर घर शंभरात सुमारे बेचाळीस वेळा बुडते, तेव्हा हातात बारा असले तरी 'पुरो' म्हणावे. उलट दश्शी किंवा चित्र उघडे असेल तर सोळावरही, जीव मुठीत धरून, 'दी' म्हणावे लागते, जरी तेरांपैकी आठ पत्ते आपल्याला बुडवणारे असले तरी. दोन एक्के किंवा दोन अठ्ठ्या आल्या तर त्यांचे दोन डाव करावेत, दोन चित्रे कधीही फोडू नयेत. घराचा एक्का उघडा पाहून विम्याची रक्कम मागतात, ती देऊ नये. एवढे पाळणाऱ्याचे नुकसान, चांगल्या नियमांच्या टेबलावर, शेकडा अर्ध्याच्या आसपास उतरते. सहा वर्षांनी, १९६२ मध्ये, एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकाने 'बीट द डीलर' हे पुस्तक काढून, वाटून गेलेल्या पत्त्यांचा हिशेब ठेवला तर घरालाही मात देता येते असे दाखवले; घरांनी मग एकाऐवजी सहा-आठ जोड एकत्र पिसायला घेतले, आणि हिशेब ठेवणाऱ्यांना दरवाजा दाखवला.

अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि इथेच नवशिका फसतो. कौटिल्याचे शेकडा पाच जिंकलेल्या द्रव्यावर होते, उघड होते, आणि ते देणारा माणूस निदान जिंकलेला तरी असे. टेबलावरचा अर्धा टक्का प्रत्येक पणावर असतो. तासाला साठ डाव धरले आणि प्रत्येकावर हजार रुपये लावले, तर तासाला साठ हजारांची उलाढाल होऊन सरासरीने तीनशे रुपये घराकडे जातात. हे सर्व काही बिनचूक खेळणाऱ्याचे, आणि बिनचूक खेळणारा नवशिका मी अद्याप पाहिलेला नाही. आमच्या सोप्यावरही पिसणीवाल्याचा फायदा तेवढाच होता, किंबहुना अधिकच. फक्त पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस येण्याचा योग प्रत्येकाला साधारण एकविसांत एकदा येतो, आणि सतरंजीवर सहा-सातजण असले म्हणजे दर तीन-चार डावांमागे पिसणी हलते. जो फायदा फिरतो त्याला आम्ही मान म्हणत असू. जो फिरत नाही त्याला परवाना म्हणतात.

यंदाच्या चवथीला काका नव्हते. तो शेजारचा मुलगा सुटी काढून आला होता, आणि त्याच्या सफाईदार हातांकडे पाहून घरातल्या पोरांनी त्यालाच वाटायला सांगितले. त्याने गड्डी हातात घेतली, लग्नपत्रिकेचा किलवरचा गुलाम उलटसुलट करून पाहिला, आणि पिसणी कोणाची हे आधी कट काढून ठरवा म्हणाला. कट माझ्या धाकट्या पुतणीला लागला. पहाटे समई शांत झाली तोवर पिसणी नऊ वेळा हलली होती, आणि शेवटी ती कोणाकडे होती हे सकाळी कोणालाच सांगता येईना.